जुना पेजमेकर नव्या लॅपटॉपवर नीट दिसत नसेल तर: राजारामपुरीतलं एक दुकान

जुनं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर सुरू होतं, पण धड दिसत नाही, अशा अडचणीत असलेल्यांसाठी हे लिहितेय. कोल्हापुरात अशी माणसं बरीच आहेत. कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे डीटीपीवाले आहेत, उद्यमनगरातले ओतकामाचे नमुने करणारे पॅटर्नवाले आहेत, पतसंस्थांचे क्लार्क आहेत. दुकानात गेलं की बहुतेक ठिकाणी ‘आता ते चालत नाही, नवीन घ्या’ एवढंच ऐकायला मिळतं. राजारामपुरीत मेन रोड सोडून आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक छोटं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं मला खरं उत्तर मिळालं आणि कामही झालं. ‘आहे तेच काम उरकत नाही, नाव आणि नंबर नेटवर टाकू नका’ असं मालकांनी बजावून सांगितलंय, म्हणून नाव देत नाही. गल्लीत ‘जुन्या सॉफ्टवेअरवाले’ म्हणून विचारलं की जिना दाखवतात.

आधी माझं काम सांगते, म्हणजे अडचण किती मोठी होती ते कळेल. मी मंगळवार पेठेत घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका असतात, जोतिबाच्या चैत्र यात्रेची हँडबिलं असतात, पण घर चालतं ते अहवालांवर. पतसंस्था, दूध संस्था, विकास सेवा सोसायट्या. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे सगळ्यांचे अहवाल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदम अंगावर येतात. हे सगळं पेजमेकर ७ मध्ये आहे, म्हणजे ॲडोबी कंपनीच्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. ॲडोबीनं ते २००१ मध्ये बाजारात आणलं आणि त्यानंतर पेजमेकरची मोठी नवी आवृत्ती आलीच नाही. त्यांचं इनडिझाइन १९९९ पासून होतंच, ते मलाही येतं आणि नवीन कामं मी त्यातच करते. पण अहवाल म्हणजे गेल्या वर्षीची फाइल उघडायची आणि आकडे बदलायचे. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, अंदाजपत्रक, प्रत्येक रकान्याचा टॅब हातानं लावलेला. इनडिझाइन सीएस६ मध्ये पेजमेकरची फाइल उघडते, पण ओळी वरखाली होतात, टॅब सरकतात, आणि युनिकोडमध्ये (आज सगळीकडं चालणाऱ्या मराठी अक्षरांच्या पद्धतीत) जायचं तर फाँट बदलून सगळं प्रूफ पहिल्यापासून वाचायचं. संस्था त्याचे वेगळे पैसे देत नाहीत, आणि त्यांनी का द्यावेत? त्यामुळे ज्या संस्थांच्या जुन्या फाइली आहेत त्यांच्यासाठी पेजमेकर मी सोडणार नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालं होतं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नव्हतं. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आत विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला, १५.६ इंची, फुल एचडी. पेजमेकर त्यावर बसला आणि सुरूही झाला. पण फाइल उघडली आणि पोटात गोळा आला.

अक्षर सगळं पुसट. नुसतं डोळ्यांना त्रास देणारं पुसट असतं तर चष्मा पुसून काम केलं असतं. पतसंस्थेच्या अहवालात ‘कर्ज’ हा शब्द पानापानावर असतो. त्याचा रफार वरच्या ओळीच्या करड्या धुरकट पट्ट्यात मिसळून गेला होता, ‘कर्ज’ आणि ‘कज’ यात फरकच कळेना. आकड्यांचं तर विचारूच नका. रुपयांच्या आणि पैशांच्या मधला ठिपका कुठं दिसतोय, कुठं नाही. ताळेबंदात एक ठिपका सुटला तर सभेत सभासद उठून उभा राहतो आणि सेक्रेटरीसाहेबांना उत्तर द्यावं लागतं. चारशे टक्के झूम केलं की सगळं दिसायचं, पण मग एका वेळी पानाचा कोपराच स्क्रीनवर. देणी आणि येणी समोरासमोर दिसल्याशिवाय ताळेबंद कसा लावायचा?

भरीस भर, काही फाइलींत मराठीच मोडलेली. साधी अक्षरं जागेवर, पण जोडाक्षरं आणि काही मात्रा गायब, तिथं नुसते चौकोन.

आधी ज्या दुकानात दाखवलं (नाव लिहीत नाही), तिथल्या मुलानं डिस्प्लेचं स्केल (सगळं किती मोठं दाखवायचं ते) १५० टक्क्यांवरून १०० वर आणलं. अक्षर स्वच्छ झालं, पण सगळं विंडोजच एवढं बारीक झालं की मेनू वाचायला स्क्रीनला नाक लावावं लागायचं. ‘फॉरमॅट मारून बघूया’ हा त्याचा पुढचा सल्ला होता. मी लॅपटॉप उचलला आणि निघाले.

राजारामपुरीतल्या दुकानाच्या मालकांनी, म्हणजे दादांनी, लॅपटॉप उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला. “काकी, अक्षर पुसट दिसतंय, का बारीक दिसतंय, का दिसतच न्हाई? तिन्हीची कारणं येगळी हायत.” मला इथंच हायसं वाटलं. आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी तिन्ही तक्रारी एकाच पोत्यात भरल्या होत्या.

मग त्यांनी पुसट अक्षराचं कारण सांगितलं. जुनं सॉफ्टवेअर स्क्रीनवर इंचाला ९६ ठिपके (पिक्सेल) आहेत असं धरून चालतं. त्या काळच्या मॉनिटरला ते बरोबर होतं. माझ्या लॅपटॉपला १५.६ इंचांत आडवे १९२० ठिपके आहेत, म्हणजे इंचाला साधारण १४१. ठिपके बारीक, म्हणून विंडोज सगळं दीडपट करून दाखवतं. नवीन सॉफ्टवेअर स्वतःच दीडपट अक्षर काढतं. पेजमेकरला ते माहीतच नाही. तो आपला ९६ च्या हिशोबानं चित्र तयार करून देतो आणि विंडोज ते चित्र ताणून मोठं करतं. पासपोर्ट फोटो ओढून पोस्टर केला तर जसा दिसेल, तसं झालेलं. लॅपटॉप खराब नाही, पेजमेकरही खराब नाही, फाइल तर अजिबात नाही. छपाईत अक्षर स्वच्छच येणार होतं, फक्त मला ते दिसत नव्हतं.

उपाय त्यांनी माझ्यासमोर करून दाखवला, लपवाछपवी नाही. पेजमेकरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथं खाली ओव्हरराइडची टिक आहे आणि तिच्याखाली तीन पर्याय: ॲप्लिकेशन, सिस्टिम, सिस्टिम एन्हान्स्ड. त्यांनी माझ्याच अहवालातलं ताळेबंदाचं पान घेतलं आणि तिन्ही पर्याय एकेक करून लावले. दर वेळी पेजमेकर बंद करायचा, परत उघडायचा, तेच पान काढायचं आणि मला विचारायचं, “कर्ज वाचता येतंय का?” ‘सिस्टिम’मध्ये पुसटपणा तसाच राहिला. ‘एन्हान्स्ड’ हा पर्याय २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून आहे. सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीनं अक्षर काढत असेल तर त्यात विंडोज ते अक्षर मोठ्या मापात नव्यानं काढतं. त्यानं मजकूर बराच सुधारला. मला तेवढंही चाललं असतं. पण दादांनीच बोट ठेवून दाखवलं, की वरची पट्टी आणि टॅबच्या खुणा मजकुराच्या मानानं किंचित सरकल्यासारख्या दिसताहेत. “रकाने लावायचं काम हाय तुमचं. पट्टी हललेली चालायची न्हाई.” कामाची अशी जाण असलेला दुरुस्तीवाला मी पहिल्यांदा पाहिला.

शेवटी ‘ॲप्लिकेशन’ ठेवलं. त्यात विंडोज मध्ये पडतच नाही. अक्षर धारदार, रफार वेगळा, ठिपका जागेवर. टूलबॉक्स मात्र नखाएवढा. त्यावर त्यांचं म्हणणं, घरी बसून काम करायचं असेल तर वेगळा मॉनिटर लावा. त्यांच्याकडं सेकंडहँड २४ इंची फुल एचडी होता, ३,५०० रुपयांना दिला. त्यावर तेच १९२० ठिपके २४ इंचांत पसरतात, म्हणजे इंचाला ९२ च्या आसपास. पेजमेकरला हव्या असलेल्या ९६ च्या अगदी जवळ. तो मॉनिटर त्यांनी मुख्य डिस्प्ले म्हणून लावला, त्याचं स्केल १०० टक्के ठेवलं, लॅपटॉपचं १५० राहू दिलं, आणि एकदा साइन आउट करून परत साइन इन करायला लावलं. हे शेवटचं बरेच जण विसरतात म्हणे. जुनं सॉफ्टवेअर साइन इन करतानाच्या मुख्य स्क्रीनचं माप धरून बसतं, त्यामुळे नुसती वायर जोडून फरक पडत नाही.

त्या मॉनिटरवर पान उघडल्यावर मी बराच वेळ काही न बोलता फक्त वाचत बसले. जुन्या कॉम्प्युटरवर जसं दिसायचं तसंच, उलट थोडं मोठं. डाव्या बाजूला भांडवल आणि देणी, उजवीकडं मालमत्ता आणि येणी, झूम न करता.

चौकोनांचं कारण अगदीच निराळं निघालं आणि ते प्रत्येक मराठी डीटीपीवाल्यानं लक्षात ठेवावं असं आहे. आपले जुने मराठी फाँट युनिकोडचे नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून ते केलेले आहेत. अशा फाँटमध्ये २५६ जागा असतात. खालच्या निम्म्या जागा साध्या कीबोर्डच्या आणि वरच्या १२८ जागांत उरलेली जोडाक्षरं, मात्रा असे सुटे आकार. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, चेंज सिस्टिम लोकेल इथं एक टिक आहे: ‘बीटा: यूज युनिकोड यूटीएफ-८’. माझ्या लॅपटॉपवर ‘मराठी नीट दिसावी’ म्हणून कुणीतरी ती लावून ठेवली होती. ती लागली की पेजमेकरसारखं युनिकोड न जाणणारं सॉफ्टवेअर वरच्या १२८ जागांतलं जे काही पाठवतं ते विंडोजला निरर्थक वाटतं आणि ते तिथं चौकोन ठेवतं. म्हणूनच ‘क’ दिसत होता आणि ‘क्ष’ दिसत नव्हता. टिक काढली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, सगळ्या फाइली जशाच्या तशा. इतक्या छोट्या गोष्टीसाठी मी अख्खा फाँटचा सेट नव्यानं विकत घ्यायच्या तयारीत होते. फाँट परत परत टाकून हा प्रश्न सुटत नाही, कारण फाँटमध्ये काही बिघडलेलंच नसतं.

पॅलेट गायब होण्याचा त्रास नंतर सुरू झाला, मॉनिटर काढून लॅपटॉप एका संस्थेच्या ऑफिसात नेला तेव्हा. स्टाइल्स आणि कलर्सच्या पट्ट्या कुठंच दिसेनात. त्या काढून ठेवलेल्या मॉनिटरच्या जागेवरच उघडत होत्या. साधी खिडकी असेल तर आल्ट आणि स्पेस दाबून एम दाबायचं आणि बाणानं ती ओढून आणायची, हे दादांनी फोनवर सांगितलं. पॅलेटला ते लागू पडत नाही. त्यासाठी पेजमेकर बंद करून त्याच्या प्रेफरन्सच्या फाइलचं नाव बदलायला लावलं. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर नवी फाइल तयार करतं आणि सगळं मूळ जागी येतं. फोनवरच्या या मदतीचे पैसे घेतले नाहीत. बाहेर नुसत्या लॅपटॉपवर काम करताना टूलबॉक्स बारीकच दिसतो, पण दोन ओळींच्या दुरुस्तीला चालून जातं.

मी तिथं बसले असताना उद्यमनगरातले एक पॅटर्नवाले आले होते. ते ड्रॉइंगचा फार जुना प्रोग्रॅम वापरतात. नव्या लॅपटॉपवर कर्सर हलवला की मागं रेघांचा माग राहायचा, पुसलेली रेघ पुसल्यासारखी दिसायची नाही. त्यांना कंपॅटिबिलिटीच्या कुठल्याच टिकेनं गुण आला नव्हता. त्यांच्याकडं विंडोज एक्सपीची स्वतःची मूळ सीडी होती. दादांनी व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्याच्या आत एक्सपी बसवलं आणि प्रोग्रॅम त्यात टाकला. नेट मात्र त्या एक्सपीला मुद्दाम बंद ठेवलं, कारण त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय. ड्रॉइंगची ने-आण करायला एक शेअर फोल्डर करून दिला. सुरुवातीला एक्सपीचा स्क्रीन छोट्या चौकटीत अडकलेला होता. व्हर्च्युअलबॉक्सबरोबर येणारं गेस्ट ॲडिशन्स टाकल्यावर तो पूर्ण पसरला. रेघांचा माग गेला.

जे होत नाही ते ‘होत नाही’ म्हणून सांगतात, हेही लिहिलं पाहिजे. माझ्या एका संस्थेचं सभासदांचं जुनं रजिस्टर विंडोजच्या आधीच्या डॉसवर आहे. त्या काळी डॉसवर देवनागरी दिसायला कॉम्प्युटरच्या आत जिस्टचं कार्ड बसवावं लागायचं. ते कार्ड घालायला लॅपटॉपला जागाच नाही. डॉसबॉक्समध्ये (नव्या कॉम्प्युटरवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोग्रॅम सुरू झाला, पण नावांच्या जागी सगळी चित्रविचित्र चिन्हं. मला वाटलं आता ‘बघतो, ठेवून जा’ असं उत्तर मिळणार. ते म्हणाले, “प्रोग्रॅम ह्याच्यावर मराठीत दिसणार न्हाई. त्यात येळ घालवू नका. पण माहिती आत शाबूत हाय, ती काढून देतो.” त्या फाइलीत नावं इस्की पद्धतीनं साठवलेली होती. ती १९९१ ची भारतीय मानक पद्धत आहे, त्यामुळे तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं. सभासद क्रमांक, नाव, गाव अशी सगळी यादी त्यांनी एक्सेलमध्ये काढून दिली. संस्थेच्या सेक्रेटरींनी जुन्या छापील रजिस्टरशी ती ताडून पाहिली, जोडाक्षरांसकट बरोबर होती. कित्येक वर्षांची नावं एका बंद पडू घातलेल्या कॉम्प्युटरमध्ये अडकली होती, ती सुटली. माझ्या दृष्टीनं या दुकानाचं हे सगळ्यात मोठं काम.

पैसे वाजवी घेतात. लॅपटॉप तपासणं, पेजमेकरच्या सगळ्या सेटिंग, फाँटचा प्रश्न मिळून ८०० रुपये. सभासद यादीचे वेगळे, पण ते आधी सांगून. पावती देतात. काय काय बदललं ते एका कागदावर हातानं लिहून देतात, त्यामुळे उद्या विंडोजच्या अपडेटनं काही उलटंपालटं झालं तर स्वतः परत लावता येतं. मला स्वतःला या कागदाचं मोल फार वाटतं.

तक्रारीही आहेत. काम सावकाश होतं. एकच माणूस सगळं बघतो, हाताखालचा मुलगा फक्त विंडोज टाकणं, रॅम बदलणं असलं करतो. सीझनमध्ये अहवाल अडलेला असताना वाट बघणं जड जातं, आणि ‘तुमचा नंबर आला की फोन करतो’ यावर माझा जीव वरखाली होत होता. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी स्वतःहून करतात. जिना अरुंद आणि चढा आहे, मॉनिटर घेऊन उतरताना बरोबर कुणीतरी हवं. मेन रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, मी रिक्षानंच गेले. आणि त्यांनी विकलेल्या सेकंडहँड मॉनिटरवर गॅरंटी फक्त महिन्याची आहे. ती निदान तीन महिन्यांची तरी असावी असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वाट बघायला लावल्याबद्दल कापलाय.

जाणार असाल तर सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि सीरियल नंबर बरोबर न्या, चोरीचं सॉफ्टवेअर ते हातात घेत नाहीत. जी फाइल नीट दिसत नाही तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि तेच पान आधी कधी छापलेलं असेल तर तो छापील कागदही न्या. स्क्रीन आणि कागद शेजारी ठेवून बघितलं की कुठलं अक्षर पुसट आणि कुठलं गायब ते लगेच कळतं. घरी वेगळा मॉनिटर असेल तर त्याचं माप इंचात लिहून न्या, ते पहिल्यांदा तेच विचारतात. रविवारी बंद असतं. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, आणि शक्यतो जुलैतच जा, ऑगस्ट लागला की तिथं आम्हा अहवालवाल्यांचीच गर्दी असते.